जूनच्या गारठ्यात रानटर्कीची पिल्लं कशी मोजायची

मृगाच्या तोंडावर कोंबडी खुडूक बसली, तर आई तिच्याखाली अंडी ठेवायचीच नाही. "पावसातलं पिल्लू हाती लागत नाही," म्हणायची. सांगलीकडच्या परड्यातलं ते बोलणं मला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात येऊन नीट कळलं. इथे आमच्या घरामागे गवताचं रान आहे, पलीकडे ओकची झाडी. जून लागला की रानटर्कीची (कोंबडीच्याच कुळातला मोठा रानपक्षी) मादी पिल्लांची रांग घेऊन तिथून बाहेर येते. सहा वर्षं मी ती मोजतेय. तुमच्याही घराजवळ टर्की असतील, तर यंदा मोजून बघा.

आधी दिवसांचा हिशोब धरा. मादी साधारण दहा-बारा अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. इकडे बरीचशी पिल्लं मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत निघतात. दिवसभरातच ती आईमागे चालू लागतात, पण उडता येत नाही. सुमारे दोन आठवडे रात्रीही जमिनीवरच, आईच्या पंखांखाली. नंतर फांदीवर चढतात. जी मरतात त्यातली बहुतेक याच दोन आठवड्यांत जातात, म्हणून हवामानाची वही याच दिवसांत रोज लिहायची.

वहीत नुसता पाऊस किती पडला ते लिहून भागत नाही. तासभर धो धो कोसळला आणि लगेच ऊन पडलं, तर पिल्लं बहुधा सावरतात. वाईट असते ती झड. दोन-दोन दिवस भुरभुर, वारा, आणि पारा १० अंश सेल्सियसच्या आसपास. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. ती भिजली की अंगाला चिकटते, आणि स्वतःची ऊब टिकवणं त्या वयात त्याला जमत नाही. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंशांची ऊब देतात, त्यावरून अंदाज करा.

मग आईच्या पंखाखाली का बसून राहत नाहीत? कारण पोट. पहिले काही आठवडे त्यांना किडे लागतात: नाकतोडे, भुंगे, अळ्या. वाढीचं बहुतेक प्रथिन त्यातूनच येतं. गारठ्यात किडे हलत नाहीत, चटकन दिसत नाहीत. बसून राहिलं तर उपाशी, बाहेर पडलं तर ओलं. म्हणून रोज एवढं लिहा: रात्रीचा किमान पारा, पाऊस किती तास होता, आणि दुपारपर्यंत गवत वाळलं का. मी तिसऱ्या गोष्टीला सगळ्यात जास्त महत्त्व देते. अगदी कोरडा उन्हाळाही बरा नाही, गवत विरळ झालं की किडेही घटतात.

झड उघडल्यावर सकाळी दहाच्या सुमारास रानाच्या उन्हाकडच्या कडेला बघा. अंग वाळवायला आणि खायला ती तिथेच येतात. पण लांबून, दुर्बिणीने. दुसऱ्या वर्षी मी फोटोसाठी जवळ गेले. मादी कुंपणाशी पंख पसरून बसली होती, पिसांतून एकच इवलं डोकं बाहेर आलेलं. मला पाहताच ती एक पंख लोळवत, जखमी झाल्यासारखी दुसरीकडे धावली आणि पिल्लं ओल्या गवतात पांगली. मी मागे फिरले, तरी तिने त्यांना गोळा करेपर्यंत बराच वेळ गेला. झडीआधी नऊ होती, त्या संध्याकाळी चार मोजली. त्यातली किती माझ्यामुळे गेली, हा विचार अजून मनातून जात नाही. एकटं, भिजलेलं पिल्लू दिसलं तरी उचलू नका. आई जवळपास असते, तुम्ही हललात की येते. कुत्रा साखळीला ठेवा. गवत कापणारा ओळखीचा असेल, तर पिल्लं उडू लागेपर्यंत थांबायला सांगा. आमच्या शेजाऱ्याने ऐकलं.

खरी मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, तेही त्याच दोन महिन्यांत लोकांकडून नोंदी मागवतं. रस्ता ओलांडताना मोजणं सोपं, पण शेवटचं पिल्लू गवतातून बाहेर येईपर्यंत थांबा. पिल्लं नसलेल्या माद्याही मोजा, लोक नेमक्या त्याच सोडतात. तीन माद्यांबरोबर सात पिल्लं आणि दोन माद्या रिकाम्या दिसल्या, तर हिशोब पाच माद्यांना सात पिल्लं, म्हणजे मादीमागे १.४. दोन-तीन माद्या पिल्लं एकत्र करून हिंडतात, तेव्हा कुठलं कोणाचं हे शोधत बसू नका.

जुलैअखेरीस मुठीएवढं पिल्लू दिसलं तर चकित होऊ नका. पहिली अंडी रॅकूनने (इकडचा मांजराएवढा रानप्राणी) खाल्ली, तर मादी बऱ्याचदा पुन्हा घालते. वहीत त्या पिल्लांसाठी वेगळं पान ठेवा आणि त्यांच्या पहिल्या दोन आठवड्यांचं हवामान त्याच पानावर लिहा.