परसातले पक्षी: सोलापुरात पक्षीनिरीक्षणाची सुरुवात कशी करावी?

सोलापुरात पक्षी पाहायचे म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात: नान्नजला जा, नाहीतर उजनीला जा. दोन्ही जागा मोलाच्या आहेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, आणि हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात उतरणारे रोहित (फ्लेमिंगो) पाहायला लांबून माणसं येतात. तरी नवख्यानं सुरुवात तिथून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माळावरचा पक्षी लांब असतो, क्षणभर दिसतो आणि उडतो. काय पाहायचं याची डोळ्यांना सवय नसते, त्यामुळे ‘काहीतरी तपकिरी उडालं’ यापलीकडे हाती काही लागत नाही. घरामागच्या शेवग्यावर मात्र तोच बुलबुल रोज येतो, जवळ बसतो, काल राहून गेलेलं आज दाखवतो. पक्षी ओळखायला शिकायचं ते इथेच.

१. एक जागा, एक वेळ

परस असेल तर उत्तमच. नसेल तर गच्ची, गॅलरी, अगदी खिडकीसमोरचा कडुनिंबही चालतो. जुळे सोलापूरमधल्या फ्लॅटमधूनही वर्षभरात पंचवीस-तीस जाती सहज दिसू शकतात. झाड, तार किंवा भिंतीची कड असं पक्ष्याला बसायला काहीतरी समोर हवं, आणि सकाळचं ऊन आपल्या पाठीवर यायला हवं. ऊन डोळ्यांवर आलं की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा वेळ सगळ्यात चांगला. सोलापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे अखेरीस पावणेसहाच्या आसपास. उन्हाळ्यात नऊनंतर पक्षी सावलीला दडतात. रोज वीस मिनिटं, त्याच जागी, हलचाल न करता बसा. चहाचा कप हातात असला तरी चालेल, मोबाईल नको. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त शिकवतात, कारण नवीन काय आलं हे ज्याला कालचं आठवतं त्यालाच कळतं.

२. पाणी ठेवा

बाकी काहीच करणं जमलं नाही तरी एवढं करा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत शहरातले पक्षी पाण्यासाठी वणवण फिरतात. दाण्यांवर दाणे खाणारेच पक्षी येतात. पाण्यावर सगळे येतात: किडे खाणारा दयाळ, फळं खाणारा बुलबुल, एरवी झाडाच्या शेंड्यावरून खाली न उतरणारा तांबटसुद्धा.

भांडं मातीचं आणि पसरट घ्या. कुंडीखालची मोठी थाळी किंवा उथळ परात चालते. चकचकीत स्टील उन्हात तापतं, आणि त्यावर पाय घसरतात. पाणी कडेला बोटाच्या जाडीएवढं आणि मध्ये दोन-अडीच इंच, त्याहून खोल नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे शिंजीर, वटवट्या असे चिमुकले पक्षी त्यावर उतरून पितात. खोल बादली, उघडी टाकी किंवा अर्धवट भरलेला पिंप पक्ष्यांच्या जिवावर बेततो. वाकून पिताना आत पडलेल्या पक्ष्याला बाहेर येता येत नाही, म्हणून त्यांवर झाकण ठेवा.

भांडं सावलीत ठेवा. जवळ एखादी फांदी हवी, म्हणजे पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतो आणि मग उतरतो. मात्र भांड्याला लागून दाट झुडूप नको, तिथे मांजर दबा धरून बसतं. मांजरांचा वावर असेल तर भांडं जमिनीवर न ठेवता टांगा किंवा उंच कठड्यावर ठेवा.

पाणी रोज बदला. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात हे जड वाटतं, पण लागतं जेमतेम लिटरभर, आणि काढलेलं पाणी तुळशीला किंवा कढीपत्त्याला घालता येतं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज रिकाम्या होणाऱ्या भांड्यात डास वाढू शकत नाहीत. दोन-तीन दिवसांनी काथ्यानं किंवा ब्रशनं घासून घ्या. साबण नको.

सुरुवातीला कुणी फिरकणार नाही. भांडं हलवू नका. आधी बहुधा कावळा किंवा साळुंकी येते, आणि त्यांना निर्धास्त पाहून बाकीचे धीर करतात.

३. दाण्यांपेक्षा झाडं बरी

दाणे टाकायचेच तर मूठभर ज्वारी, बाजरी किंवा राळे टाका, तेही सकाळी, दुपारपर्यंत संपतील इतकेच. फरसाण, ब्रेड, मीठ-तिखटाचं उरलंसुरलं नको. पोत्यानं धान्य ओतणं तर अजिबात नको, त्यानं फक्त पारवे वाढतात. पारव्यांची गर्दी झाली की चिमण्या मागे हटतात, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसांच्या फुप्फुसांना अपाय करते.

त्यापेक्षा एक शेवगा लावा. त्याच्या फुलांवर शिंजीर येतात. डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचंच झाड, त्याच्या लाल फुलांवरही ते लोंबकळताना दिसतील. जास्वंद आणि अडुळसाही चालतात. कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकल्या की बुलबुल, साळुंक्या आणि कोकीळ त्यावर तुटून पडतात. एक गोष्ट मनापासून सांगतो: झाडांवर कीटकनाशक मारू नका. चिमणी मोठेपणी दाणे खात असली तरी पिल्लांना ती अळ्या आणि किडेच भरवते. किडे नसतील तर पिल्लं जगत नाहीत.

४. आधी ओळखीचे दहा

नवा पक्षी शोधायची घाई करू नका. पहिल्या महिन्यात हे दहा पक्के करा: चिमणी, कावळा, पारवा, होला, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंजीर, वेडा राघू, कोतवाल. तुम्ही म्हणाल, चिमणी आणि कावळा काय ओळखायचे? तर पाहा. गळ्याखाली काळा डाग असतो ती चिमणी नव्हे, चिमणा. मादी सगळी मातकट. मान राखाडी असेल तर गावकावळा, संपूर्ण काळा आणि जाड चोचीचा असेल तर डोमकावळा. होलाही एकच नाही: गळ्यावर काळ्या ठिपक्यांची नक्षी असते तो छोटा तपकिरी होला, आणि मानेमागे काळी अर्धी रेघ असते तो जरा मोठा, फिकट कंठी होला. काळा, लाल डोळ्यांचा, ‘कुहू’ करणारा कोकीळ हा नर. त्याची मादी तपकिरी आणि ठिपकेदार असते, आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

हे दहा मोजपट्टीसारखे कामाला येतात. अनोळखी पक्षी दिसला की आधी आकार ठरवा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच. आखूड आणि जाड असेल तर दाणे फोडणारा, बारीक असेल तर किडे टिपणारा, लांब आणि वाकडी असेल तर बहुधा फुलातला मध पिणारा. मग शेपटी: लांब की आखूड, उभी की पसरलेली, मध्ये दुभंगलेली? रंग सगळ्यात शेवटी पाहा, कारण रंग उजेडाप्रमाणे फसवतो. उदाहरणार्थ, परसातल्या जमिनीवर दोन काळे पक्षी उड्या मारतात. पंखावर लांब पांढरा पट्टा आणि पोट पांढरं असेल तर तो दयाळ नर. अंग काळसर आणि उभ्या शेपटीखाली तांबूस असेल तर तो चीरक. एकदा शेपटीकडे लक्ष गेलं की ही जोडी कायमची सुटते.

कानही उघडे ठेवा. भर दुपारी एकसुरी ‘टुक्‌ टुक्‌’ ऐकू आलं की तांबट. सातभाई, बुलबुल आणि साळुंक्या एकाच झाडाभोवती एकदम ओरडायला लागल्या, तर तिथे मांजर, साप किंवा शिक्रा हा शिकारी पक्षी असण्याची शक्यता मोठी. आवाजाच्या दिशेनं हळूच पाहा.

५. वही, दुर्बीण, ॲप

वही पहिल्या दिवसापासून हवी. तारीख, वेळ, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता, एवढं पुरे. ओळखला नाही तर वेडंवाकडं चित्र काढा आणि बाण काढून खुणा लिहा. पुस्तक नंतर उघडा, आधी पक्ष्याकडे पाहा.

दुर्बिणीची घाई नको. महिना-दोन महिने छंद टिकला की घ्या. ८×४२ किंवा ८×४० बरी. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारा-सोळा पटींच्या मोहात पडू नका. हात जरासा हलला तरी चित्र थरथरतं, आणि फांद्यांतला पक्षी सापडतच नाही.

मोबाईलवर ‘मर्लिन’ हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मोफत ॲप आहे. ते फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. त्याचं नाव अंदाज म्हणून घ्या आणि पक्षी डोळ्यांनी पाहिल्यावरच वहीत लिहा. दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, तिथे ॲपही चकू शकतं.

६. वर्षभर काय पाहाल

मार्चमध्ये दयाळ शेंड्यावर बसून गायला लागतो. जूनच्या तोंडावर पावशाची हाक आणि डोक्यावर तुरा मिरवणारा काळा-पांढरा चातक. पावसाळ्यात शहराच्या कडेच्या विहिरींवर आणि बाभळींवर सुगरणींची घरटी लोंबू लागतात. नराचं डोकं तेव्हा पिवळंजर्द असतं, एरवी तो चिमणीतच खपून जातो. पावसाळा सरला की पाहुणे येतात. शेपटी सारखी थरथरवणारा थिरथिरा परसातच येतो, गच्चीवर पांढरा धोबी शेपटी खालीवर करत चालतो, आणि ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे उतरतात. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर उतरण्याआधी हजारो भोरड्या आभाळात एकत्र वळतात, फुगतात, आकसतात. गच्चीवरून तो खेळ दिसला तर हातातलं काम सोडून पाहा.

७. काही पथ्यं

घरट्याजवळ जाऊ नका, फ्लॅश मारू नका, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. तो आवाज त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो, आणि तो खाणं सोडून भांडायला धावतो. पंख फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुतेक वेळा उडायला शिकत असतं. मांजरापासून वाचेल अशा फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, आई-बाप येतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, हे खरं नाही. संक्रांतीच्या, गड्डा यात्रेच्या दिवसांत झाडांवर अडकलेला मांजा काढून टाका. नायलॉनचा मांजा तर घरात आणूच नका.

जुन्या माळवदाच्या घरांत तुळयांच्या सांदीत चिमण्यांना जागा मिळायची. स्लॅबच्या घरात ती उरली नाही. त्यासाठी लाकडी पेटी लावता येते: भोक सव्वा ते दीड इंच, उंची आठ-दहा फूट, सावलीची भिंत, पंख्यापासून लांब. एकदा जोडी आत गेली की पेटी उघडून पाहू नका.

८. नोंदी उपयोगी लावा

वहीतल्या नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत संकेतस्थळावर टाकता येतात. किती वाजता, किती मिनिटं पाहिलं आणि दिसलेले सगळे पक्षी किती होते, एवढीच माहिती लागते. चिमण्या आणि कावळे वगळू नका. नेहमीचे पक्षी कमी होताहेत का, हे अशाच नोंदींतून कळतं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, भारतातले लोक २०१३ पासून तीत भाग घेतात. एका जागी किमान १५ मिनिटं बसून मोजलं आणि ई-बर्डवर टाकलं की तुमची यादी त्यात जाते. त्यासाठी परसातली तुमची नेहमीची जागा पुरेशी आहे.