जोडीदार भारतीय, रिटर्न अमेरिकेचं: फायलिंग स्टेटस निवडताना या चुका टाळा

अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलं की पुण्यात कमावलेला पगारही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ लग्नानंतर होतो. जोडीदार भारतीय नागरिक, अमेरिकेत कधी राहिलेला नाही, आणि फॉर्म १०४०, म्हणजे अमेरिकेच्या वैयक्तिक प्राप्तिकर रिटर्नचा अर्ज, मात्र पहिल्याच पानावर विचारतो, फायलिंग स्टेटस काय, म्हणजे तुम्ही एकटे, विवाहित की आणखी कुठल्या गटात रिटर्न भरताय? आपल्याकडे नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं, रिटर्नही वेगळी. त्यामुळे या प्रश्नाची सवयच नसते.

मग सरळ 'सिंगल'वर खूण होते. बायको सांगलीत, तिचा अमेरिकेशी काय संबंध, असा हिशेब. पण ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असलात की त्या संपूर्ण वर्षासाठी विवाहित, मग लग्न २८ डिसेंबरला का लागेना. काही निवडलं नाही तर तुमचं स्टेटस साधारणपणे 'मॅरीड फायलिंग सेपरेटली', म्हणजे विवाहित पण रिटर्न वेगळं. जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा अमेरिकेचा करदाता क्रमांक) नसेल तर त्या जागी 'एनआरए', म्हणजे अनिवासी परदेशी, लिहायचं. या स्टेटसमध्ये एकूण उत्पन्न ५ डॉलर झालं तरी रिटर्न भरावं लागतं, म्हणून 'यंदा कमाईच कुठे होती' ही सबब चालत नाही.

सगळ्यात महाग पडते ती घाईने केलेली 'जॉइंट'ची, म्हणजे दोघांच्या एकत्र रिटर्नची, निवड. २०२५ सालासाठी सेपरेटला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) १५,७५० डॉलर, जॉइंटला ३१,५००. हा आकडा दिसला की पुढचं कोणी वाचत नाही. जॉइंट भरायचं तर दोघांच्या सहीचं निवेदन जोडून जोडीदाराला करापुरतं अमेरिकेचा रहिवासी मानून घ्यावं लागतं. मग त्याचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात येतं: पगार, एफडीचं व्याज, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं. पगारावर भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे तिथे फारसं दुखत नाही. दुखतं ते पीपीएफमध्ये. ते व्याज इथे करमुक्त, म्हणजे क्रेडिट शून्य, आणि अमेरिका ते करमुक्त मानत नाही. म्युच्युअल फंडांचं तर विचारूच नका. भारतीय फंड तिकडे 'पीएफआयसी', म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपन्या, ठरतात, कर जाचक आणि प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१ भरण्याची पाळी येऊ शकते. जोडीदाराच्या नावावर फारसं काही नसेल तर जॉइंट बहुधा फायद्याचं. पंधरा वर्षांच्या एसआयपी असतील तर आधी त्यांची यादी काढा.

शिवाय ही निवड एका वर्षापुरती नसते, पुढच्या वर्षांनाही लागू राहते. एकदा रद्द केली की त्या जोडप्याला ती पुन्हा कधीच करता येत नाही. सेपरेट भरलेलं रिटर्न साधारण तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून जॉइंट करता येतं. जॉइंटचं सेपरेट मात्र मुदत उलटल्यावर होत नाही. म्हणून शंका असेल तर आधी सेपरेटच भरा, असं माझं मत.

तिसरा पर्याय 'हेड ऑफ हाउसहोल्ड', म्हणजे घर चालवणारा कुटुंबप्रमुख. त्यात २०२५ सालासाठी डिडक्शन २३,६२५ डॉलर. जोडीदार अनिवासी असेल आणि वरची निवड केलेली नसेल तर हा मार्ग खुला असतो, पण केवळ जोडीदाराच्या जिवावर नाही. साधारणपणे घरात अमेरिकन नागरिक असलेलं, तुमच्यावर अवलंबून असलेलं मूल हवं आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा तुमचा हवा. साताऱ्यातल्या भारतीय नागरिक आईवडिलांना दरमहा पैसे पाठवता, ही चांगली गोष्ट, पण त्या आधारावर हे स्टेटस मिळत नाही.

जॉइंट ठरलंच तर जोडीदाराच्या आयटीआयएनसाठी फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नला जोडावा लागतो. आपली सवय नोटरीची. पण पासपोर्टची नोटरी केलेली झेरॉक्स परत येते. मूळ पासपोर्ट, तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत, किंवा अधिकृत एजंटाकडून पडताळणी, एवढेच पर्याय.

आणि जोडीदाराचा फॉर्म १६ जसाच्या तसा उतरवू नका. तो एप्रिल ते मार्चचा असतो, अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. पगाराच्या स्लिपा काढून महिन्यांची बेरीज नव्याने करावी लागते. परदेशात राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते, पण कर देणं लागत असेल तर व्याज १५ एप्रिलपासूनच सुरू होतं.