जोडीदार अंथरुणाला खिळलाय आणि सरकारी पैसे येत नाहीत? या चुका टाळा

अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला मिरजेच्या किंवा सांगलीच्या दवाखान्यातून घरी सोडतात, तेव्हा नातेवाइकांना वाटतं, सुटलो. खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. डायपर, हवेची गादी, लघवीची पिशवी, फिजिओथेरपी, दिवसभर सांभाळायला एखादी मावशी. मग कुणीतरी सांगतं, "सरकारकडून मिळतंय की, अर्ज टाका." अर्ज टाकला जातो आणि वाट बघणं सुरू होतं.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर आमचे हे अंथरुणाला खिळले आणि ही सगळी कार्यालयं मला पाठ झाली. आता गावातले लोक कागद घेऊन येतात. पंचाहत्तरीची बाई नवऱ्याला एकटी कुशीवर वळवते आणि वर तहसीलला चकरा मारते, हे बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझं सांगणं एकच आहे: उशीर होणारच, असं धरून चाला. घरची व्यवस्था सरकारी पैशाशिवाय लावा आणि अर्जाचा पाठपुरावा वेगळा चालू ठेवा. "पैसे आले की गादी घेऊ" असं म्हणणाऱ्या घरात गादी येण्याआधी जखम आलेली असते.

जी योजना हे पैसे देतच नाही तिच्या भरवशावर राहणं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच मिळतं. 70 वर्षांवरच्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डही आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण घरी ठेवलेल्या मावशीचा पगार यातल्या कुठल्याच योजनेत बसत नाही. कार्ड निघालं म्हणजे घरचा खर्चही निघेल, या समजुतीत लोक महिने घालवतात.

दुसरा गैरसमज त्याहून महागात पडतो. या योजना कॅशलेस आहेत. आधी बिल भरू आणि मागून परत घेऊ, असा हिशेब इथे चालत नाही. जोडीदाराला पुन्हा दाखल करायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा, टेबल गाठा. रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार योजनेत बसतो का, एवढे दोन प्रश्न विचारा. शंका वाटली तर 155388 वर फोन करा. मुख्यमंत्री सहायता निधीचंही असंच आहे: पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून अर्ज रुग्ण दाखल असतानाच करायचा. त्यासाठी आता मुंबईला जायला नको, 2025 पासून जिल्ह्यातच कक्ष आहे.

मग घरच्या सांभाळासाठी काय मिळतं? मुख्य म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं मासिक अनुदान. दिव्यांगांसाठी ते 2025 मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झालं. अडीच हजारांत कुणी मावशी मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण डायपर आणि गोळ्यांना मोठा हातभार लागतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार आहे. ती ओलांडत असाल तर यात वेळ घालवू नका, खाली दिलेल्या दुसऱ्या वाटा बघा.

दिव्यांग प्रमाणपत्र शेवटी करायचं ठेवणं

सगळ्यात जास्त महिने इथे जातात. अनुदान, ग्रामपंचायतीचा निधी, व्हीलचेअर, आयकरातली सूट, सगळं या एका कागदावर अडतं.

इथे एक उशीर नियमातलाच आहे. अर्धांग किंवा मेंदूच्या आजारात अपंगत्वाची टक्केवारी साधारण सहा महिन्यांनी ठरवतात, कारण तोवर हात-पाय थोडेफार परतण्याची आशा असते. हे कुणी समजावून सांगत नाही. माणसं तिसऱ्या महिन्यात रुग्णाला गाडीत घालून सिव्हिलला नेतात आणि "नंतर या" ऐकून परत येतात. जतच्या पलीकडच्या गावातून झोपलेल्या माणसाला सांगलीला न्यायचं म्हणजे गाडीभाडं, सोबतीला दोन गडी आणि त्या जिवाचे हाल.

म्हणून हे सहा महिने रिकामे घालवू नका. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी साइटवर, नोंदणी करायची तयारी ठेवा: आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा. डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म आणि दर महिन्याच्या तपासणीचे कागद तारखेप्रमाणे एका फाइलला लावा. फिल्म घरी राहिली म्हणून परत पाठवलेले रुग्ण मी बघितले आहेत. वेळ आली की आधी रुग्णाशिवाय एकट्याने जा. तपासणी कुठल्या वारी असते, कोणते डॉक्टर बसतात, चाकाची खुर्ची आत जाते का, हे विचारून या. रुग्णाला तारीख पक्की झाल्यावरच न्या. तालुक्याला शिबिर लागणार असेल तर आशाताईंना आधी कळतं, त्यांच्या कानावर घालून ठेवा.

टक्केवारी कमी लागली असं वाटलं तर भांडत बसू नका. फेरतपासणीची तरतूद आहे. लेखी अर्ज द्या आणि रोजची स्थिती त्यात लिहा: एकट्याला उठता येतं का, घास तोंडापर्यंत जातो का, लघवीची जाणीव होते का. काही जणांना मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, नाहीतर चालू झालेलं अनुदान मध्येच थांबतं.

नावातला फरक "चालतंय" म्हणून सोडणं

रेशनकार्डावर शांताबाई, आधारवर शांता, बँकेत शांताबाई पांडुरंग आणि प्रमाणपत्रावर आधारप्रमाणे शांता. आपल्याकडे घरोघरी हे असंच असतं. टेबलावरचा माणूस काही बोलत नाही, कागद घेतो. पुढे संगणकावर नाव जुळत नाही आणि अर्ज त्रुटीत पडतो. ही त्रुटी तुम्हाला कुणी घरी येऊन सांगत नाही. अर्ज करण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख, पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारवरचं नाव धरून बाकीचे कागद दुरुस्त करा. आधारलाच मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर ते काम सगळ्यात आधी. माणूस उठू शकत नसेल तर फी भरून घरी येऊन आधार अद्ययावत करून देण्याची सोय आहे, तशी मागणी करा.

पोच न घेता अर्ज देणं

"तलाठ्याकडं दिलाय," असं लोक सांगतात. कधी? आठवत नाही. आवक नंबर? नाही. असा अर्ज नसल्यातच जमा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, मग घरी या. सेतू केंद्रातून अर्ज केला तर पावती मागा.

संजय गांधीचा अर्ज तहसील कार्यालयात छाननी होऊन समितीच्या बैठकीसमोर जातो. बैठक झाल्याशिवाय मंजुरी नाही आणि आचारसंहिता लागली की बैठका लांबतात. म्हणून नुसतं "माझं काय झालं?" विचारू नका. विचारा: अर्जात त्रुटी आहे का? असेल तर लेखी द्या. बैठकीच्या यादीत नाव आहे का? पुढची बैठक कधी? एका कार्यालयात आमच्या गावच्या एका आजोबांना पावसाळाभर "वर गेलाय" एवढंच सांगत होते. शेवटी लेखी विचारलं तेव्हा कळलं, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती आणि अर्ज त्याच टेबलाच्या खणात होता.

लेखी विचारूनही उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येतो. त्याला मुदत ठरलेली आहे आणि ती टळली की अपील करता येतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सांगलीत विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो. बाहेर उभ्या असणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. तो फार तर हेच कागद जोडतो, बैठक लवकर घेणं त्याच्या हातात नसतं.

"मंजूर झालं, पण पैसे नाहीत"

अनुदान आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. इथे फसगत अशी होते: बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली, असं आपण समजतो. केवायसी, म्हणजे ओळखीचे कागद देणं, वेगळी आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी खातं आधारला जोडणं, वेगळं. शिवाय सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं. तुम्ही अर्जात जिल्हा बँकेचं खातं लिहिता आणि आधार जोडलेलं असतं पूर्वी कधीतरी काढलेल्या जनधन खात्याला. पैसे तिकडे जाऊन पडतात. ते खातं बंद पडलेलं असेल तर परत जातात. माय आधारच्या साइटवर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. तक्रार करण्याआधी ते बघा आणि त्या बँकेचं पासबुक भरून आणा.

बँकेचाच दुसरा प्रश्न सहीचा. जोडीदाराला सही करता येत नाही म्हणून त्याची सही गिरवू नका आणि एटीएम कार्ड भाच्याच्या हातात देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी. शाखाधिकाऱ्यांना तसा लेखी अर्ज द्या. माणूस बेशुद्धच असेल आणि त्याच्या नावावरच्या ठेवी मोडायच्या असतील, तर पालक म्हणून नेमणूक उच्च न्यायालयातून घ्यावी लागते. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने आपल्याला सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

वाट बघताना घर विस्कळीत होऊ देणं

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. कागद सहा महिने थांबला तर नुकसान पैशाचं होतं. कुशीवर वळवणं चुकलं तर नुकसान जिवाचं होतं.

दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, घोटे आणि खुबे रोज उजेडात बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर लाली जाऊन परत येत असेल तर अजून वेळ आहे. लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झालेली आहे. त्या जागेवर भार देणं बंद करा, ती चोळू नका आणि त्याच दिवशी उपकेंद्रातल्या ताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा. रात्रीचे गजर कुणाचे, हे घरात वाटून घ्या. मुलगा पुण्याला असेल तर त्याने शनिवार-रविवारी येऊन दोन रात्री उचलाव्यात. ते त्याने आपणहून करायला हवं. तो सुचवत नसेल तर तुम्ही तोंडाने मागा.

गादी विकत घेण्याआधी रुग्णसाहित्य कुठे मिळतं ते विचारा. बऱ्याच गावांत ट्रस्ट, मंडळं आणि पतसंस्था अनामत घेऊन खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची वापरायला देतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, बाकीच्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात. अनुदान येणार आहे म्हणून सावकाराकडून पैसे उचलू नका. मंजुरीआधीचे महिने धरून थकबाकी मिळेलच, असा हिशेब मांडू नका. सोनं गहाण ठेवायचंच झालं तर बँकेत ठेवा.

आणि सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःचा रक्तदाब तपासायचा. कंबर धरली तर रुग्णाला उचलणारं दुसरं कुणी नसतं. कुणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

जवळच्या वाटा विसरणं

ग्रामपंचायतीने, तसंच नगरपालिका-महापालिकेने, स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मार्च उजाडायच्या आत लेखी मागणी द्या, ग्रामसभेत विषय मांडा. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातही विचारा. 65 वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून साहित्यासाठी एकदाच 3 हजार मिळतात. तुम्हाला पगार किंवा करपात्र पेन्शन असेल तर जुन्या करप्रणालीत दिव्यांग जोडीदारासाठी 75 हजारांची वजावट मिळते. अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. पेन्शनवाले लोक हे सर्रास विसरतात.

अनुदान सुरू झालं की फाइल माळ्यावर टाकू नका. दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीची नोंद करावी लागते. ती राहिली की हप्ता बंद होतो. माणूस नेता येत नसेल तर जानेवारीतच तहसीलला तसं लेखी कळवा आणि या अर्जाचीही पोच घ्या.