ग्राफ्टमधला रक्तप्रवाह मोजायला शिकताना

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मोठे काका रोज सकाळी डाव्या दंडावर बोटं टेकवायचे. "पाह्य, मोटार चालू हाय," म्हणायचे. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडणारी कृत्रिम नळी बसवतात, तो ग्राफ्ट. त्यातून रक्त जोरात जातं, त्याची थरथर बोटांना लागते. एका सकाळी ती लागली नाही. यवतमाळला पोचलो तेव्हा कळलं, गुठळीनं ग्राफ्ट बंद पडलाय. त्याआधी कितीतरी दिवस आतली वाट अरुंद होत गेली असणार. बोटांना ते कळत नाही. म्हणून मी ग्राफ्टमधला प्रवाह मोजणारा सेन्सर बनवायच्या कामात आले.

इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्समधूनही इथं येता येतं. गेट या प्रवेश परीक्षेला २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पण त्याआधी शेतातल्या ठिबकच्या फिल्टरपाशी जाऊन बसा. फिल्टर चोंदला की अलीकडचा दाबाचा गेज चढतो, पलीकडचा उतरतो. ग्राफ्टचंही तसंच. अडथळा बहुतेकदा शिरेच्या जोडाशी येतो, तेव्हा ग्राफ्टमधला दाब वाढतो. धमनीच्या जोडाशी आला तर दाब उतरतो. मी सिलिकॉनच्या नळीत रक्ताऐवजी ग्लिसरीन-पाणी फिरवून फक्त दाब मोजत होते. नळी धमनीच्या बाजूनं चिमटली, आकडा खाली आला आणि मी वहीत "ठीक" लिहिलं. दोन महिन्यांचं काम वाया गेलं. दोन्हीकडच्या अडथळ्यात प्रवाह मात्र घटतोच, तेव्हा प्रवाह मोजा. ग्राफ्टमध्ये तो मिनिटाला ६०० मिलिलिटरच्या खाली गेला की तपासणीला पाठवायचं, हा रूढ आकडा आहे.

रक्तवाहिनीभोवती गुंडाळायचा २० मेगाहर्ट्झचा डॉपलर प्रोब, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग टिपणारा सेन्सर, शस्त्रक्रियेत वापरतात, पण त्याची तार त्वचेबाहेर येते आणि काही दिवसांत ओढून काढतात. ग्राफ्ट वर्षानुवर्षं राहायचा. तार तशीच ठेवली तर जंतुसंसर्गाला दार उघडं. त्यामुळे शरीराबाहेर धरलेल्या कॉइलवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, बिनबॅटरीचा सेन्सर हवा. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेला कार्डिओमेम्स नावाचा सेन्सर फुप्फुसाच्या धमनीत असाच बसतो, मात्र तो दाब मोजतो. प्रवाहाचं काम अजून बरंच बाकी आहे, आणि त्यासाठी माणसं हवीत.

प्रयोगशाळेत चाललं म्हणून थांबू नका. कॉइल घरी कोण धरणार, ते बघा. सुट्टीत मी टेबलावरची नळी आणि कॉइल गावी नेली आणि काकूच्या हातात दिली. सिग्नल नुसता नाचत होता. तासभर मी सर्किट तपासत बसले. मग काकूनं पोळ्या करायला म्हणून पाटल्या उतरवून ठेवल्या, सहज कॉइल परत धरली, आणि आकडा स्थिर झाला.