नोकरी सोडून ऑनलाइन मार्केटिंगमध्ये उतरताय? आधी या चुका टाळा

मी मार्च 2023 मध्ये हिंजवडीतली नोकरी सोडली, आयटीत नऊ वर्षं काढली होती, 90 दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण भरला आणि तेव्हापासून माझं घर ऑनलाइन मार्केटिंगच्या पैशावर चालतंय. महिन्याला दोन-तीन जण तरी मेसेज करतात, ताई मलापण सोडायचीय, काय करू. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात, काही जवळच्या लोकांना करताना पाहिल्यात, आणि त्यातल्या दोन जणांना खूप वाईट परिस्थितीत परत नोकरी शोधावी लागली म्हणून मनापासून लिहितेय.

राजीनामा आधी आणि गिऱ्हाईक नंतर

सगळ्यात मोठी चूक हीच. कोर्स झाला, मावसभावाच्या दुकानाचं पेज सांभाळलं, मैत्रिणीच्या केकच्या ऑर्डर वाढवून दिल्या, की वाटतं जमलं आपल्याला. ओळखीतलं काम शिकण्यासाठी छान आहे पण ते कमाईत धरू नका, कारण तिथे माणूस तुमच्याकडे बघून पैसे देतो, कामाकडे बघून नाही. माझी कसोटी सोपी आहे, जो तुम्हाला अजिबात ओळखत नाही अशा माणसाने सलग तीन महिने पैसे दिले का? पहिल्या महिन्यात तो आशेवर देतो, दुसऱ्या महिन्यात भिडेखातर देतो, तिसऱ्या महिन्यात मात्र त्याला धंदा मिळत असेल तरच देतो. असे दोन क्लायंट झाले की मग राजीनाम्याचा विचार करा.

आता लगेच प्रश्न येतो की नोकरीत असताना हे करायचं कसं. आपलं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नीट वाचा, बहुतेक आयटी कंपन्यांमध्ये बाहेरचं काम करायला मनाई असते. 2022 मध्ये विप्रोने दुसऱ्या कंपनीसाठी काम करणाऱ्या 300 जणांना काढलं होतं ते आठवत असेल. तुमच्या लेटरमध्ये मनाई असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, नाही मिळाली तर पैसे न घेता स्वतःच्याच एखाद्या छोट्या साइटवर हात बसवा आणि निदान नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मग बाहेर पडा. लपूनछपून करू नका, रिलीव्हिंग लेटर अडकलं तर परतीचा रस्ता बंद होतो.

हातात येणारा पगार म्हणजेच पगार असं समजणं

ऐंशी हजार हातात येत होते, म्हणजे ऐंशी हजार कमावले की झालं, असा हिशोब मीही केला होता. पण पीएफमध्ये कंपनीचा वाटा होता, ग्रॅच्युइटी जमत होती आणि मुख्य म्हणजे मेडिक्लेम होता. तो मेडिक्लेम शेवटच्या दिवशी रात्री संपतो. मला वाटलं घेऊ दोन-तीन महिन्यांनी सावकाश, आधी कामाचं बस्तान बसू दे. जूनमध्ये सासूबाईंच्या डोळ्यांचं निघालं, मोतीबिंदू पिकलाय म्हणाले डॉक्टर. धावपळ करून नवीन पॉलिसी काढायला गेले तर मोतीबिंदूला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर त्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन खिशातून केलं, आणि ते पैसे मी पहिल्या सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी काढून ठेवलेले होते. सासूबाई एका शब्दानेही बोलल्या नाहीत पण मला अजून लागतं ते. ग्रुप पॉलिसीतून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी भरलेला वेटिंग पिरियड त्यात धरला जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी ग्रुप कव्हर संपायच्या आधी अर्ज करावा लागतो, म्हणून नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात एचआरला त्याबद्दल विचारा.

तसंच पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटी सोडू नका. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा मासिक पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले नोकरीची वर्षं, स्वतःच काढून बघा किती होते, बऱ्याच जणांचे त्यात दोन महिने निघतात. पीएफला हात लावू नका, सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर टॅक्सही लागतो. आणि क्रेडिट कार्ड, होम लोन ट्रान्सफर असलं काही करायचं असेल तर सॅलरी स्लिप हातात असतानाच करा, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. नवीन फ्लॅटचा ईएमआय मात्र या काळात अजिबात घेऊ नका.

झोपेत पैसे येतील या आशेवर पहिलं वर्ष घालवणं

ब्लॉग, यूट्यूब, अफिलिएट लिंक (आपल्या लिंकवरून कोणी काही घेतलं की कमिशन), हे सगळं चालतं, मी नाही म्हणत नाही. पण वेळ लागतो आणि तेवढ्यात घरभाडं थांबत नाही. अ‍ॅडसेन्समध्ये 100 डॉलर जमेपर्यंत गूगल आपल्या साइटवरच्या जाहिरातींचे पैसे देत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास व्ह्यू लागतात, किंवा शॉर्ट्सवर 90 दिवसांत एक कोटी व्ह्यू. अ‍ॅमेझॉनच्या लिंकवर कोणी क्लिक केलं तर साधारण 24 तासांत त्याने खरेदी केली तरच कमिशन, आणि मिक्सर किंवा फ्रीज घेणारा आपल्याकडचा माणूस घरी चर्चा करून आठवड्याने घेतो.

शिवाय जमीन दुसऱ्याची असते. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा लाखांनी फॉलोअर असलेली खेड्यापाड्यातली पोरं एका रात्रीत शून्यावर आली. मार्च 2024 मध्ये गूगलने मोठा अपडेट आणला, तो पूर्ण व्हायला एप्रिलचा मध्य उलटला आणि कितीतरी रिव्ह्यू साइटचं ट्रॅफिक कोसळलं. माझ्या ओळखीतला एक मुलगा फक्त असल्याच एका साइटवर घर चालवत होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी सेवा विका. दवाखाने, क्लासेस, इंटिरियरवाले, बिल्डर, यांना गिऱ्हाईक हवं असतं आणि ते दर महिन्याला पैसे देतात, स्वतःचा ब्लॉग संध्याकाळी लिहा.

आणि एक, ज्या कोर्समध्ये तोच कोर्स पुढच्या माणसाला विकून कमिशन मिळतं त्याच्या जवळही जाऊ नका, कितीही गाड्यांचे फोटो दाखवू देत. माणसं जोडून साखळी वाढवण्यावर चालणाऱ्या योजनांवर आपल्याकडे 1978 पासून बंदीचा कायदा आहे आणि 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही पिरॅमिड योजनेला मनाई आहे. असल्या नादात पैसे तर जातातच, पण नातेवाईक फोन उचलायचे बंद होतात ते जास्त वाईट.

दुसऱ्याच्या पैशावर शिकणं

माझा तिसराच क्लायंट, चिंचवडमधला एक दातांचा दवाखाना. रोजचं बजेट 500 रुपये, रूट कॅनाल आणि दात बसवणे यासाठी गूगलवर जाहिरात लावायची. मी कॅम्पेन केलं, लोकेशनला पिंपरी-चिंचवड टाकलं, फोन वाजायला लागले आणि मी खूश. अकराव्या दिवशी तिथल्या रिसेप्शनिस्ट ताईंचा फोन आला, म्हणाल्या मॅडम फोन खूप येतायत हो पण आज तिघांनी नोकरी आहे का विचारलं, एक जण अकोल्याहून बोलत होता आणि एकीला फुकट तपासणी कधी असते ते हवं होतं. साडेपाच हजार गेले होते आणि पेशंट आले होते दोन.

त्या रात्री बसून एकेक सेटिंग उघडलं. लोकेशनमध्ये शहर टाकलं तरी त्याच्या खाली एक पर्याय असतो, आपण बदलला नाही तर जे त्या शहरात आहेत त्यांच्यासोबत ज्यांनी त्या शहरात रस दाखवलाय त्यांनाही जाहिरात दिसते. अकोल्याचा माणूस तिथून आला होता. चूक पूर्ण माझी, मी तो पर्याय उघडून वाचलाच नव्हता. मग सर्च टर्म्सचा रिपोर्ट बघितला, म्हणजे लोकांनी खरोखर काय टाइप केलं होतं ते, तर त्यात डेंटल असिस्टंट जॉब, बीडीएस फी, मोफत दंत शिबिर, सगळं होतं, कारण कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते, मी ब्रॉड मॅचवर सोडलेले, त्यात जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दिसते. जॉब, व्हेकन्सी, सॅलरी, कॉलेज, फी स्ट्रक्चर, फ्री, मोफत, असे साठेक शब्द निगेटिव्हमध्ये टाकले, म्हणजे ते टाइप केले तर जाहिरात दिसू नये, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. सर्च कॅम्पेनच्या आत डिस्प्ले नेटवर्कची (सर्चबाहेर इतर साइटवरही जाहिरात दाखवायची) खूण राहून गेली होती ती काढली.

तरीही पेशंट म्हणावे तसे वाढेनात. तेव्हा मी एक दिवस दवाखान्यात जाऊन बसले आणि तिथे कळलं की दीड ते साडेचार दवाखाना बंद असतो, फोन कोणी उचलत नाही, आणि माझी जाहिरात त्या तीन तासांत आणि रात्री अकरालाही चालू होती. ती वेळ बंद केली, सकाळी आणि संध्याकाळी बजेट वळवलं. पुढच्या महिन्यात चौदा पेशंट आले आणि तो दवाखाना आजही माझ्याकडे आहे. डॉक्टरांचे ते साडेपाच हजार मी माझ्या फीमधून वजा केले.

म्हणून लीड (चौकशीचे फोन-मेसेज) येतायत पण धंदा होत नाही अशी तक्रार आली की आधी जाहिरातीचं चित्र किंवा मजकूर बदलत बसू नका. लोकेशन बघा, लोकांनी काय टाइप केलं ते बघा, वेळ बघा, मग क्लायंटच्या नंबरवर स्वतः फोन लावून बघा किती वेळाने उचलतात आणि काय बोलतात. फेसबुक-इन्स्टाचंही तेच, नुसतं पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबून लाइक येतात, इन्क्वायरी हवी असेल तर तिथलं जाहिराती लावायचं टूल, म्हणजे अ‍ॅड्स मॅनेजर शिकावाच लागतो. आणि हे सगळं आधी स्वतःच्या दोन-तीन हजारांवर शिका.

अकाउंट आणि कार्ड आपलं वापरणं

क्लायंट म्हणतो ताई तुम्हीच भरा जाहिरातीचे, मी महिनाअखेरीला देतो. नाही म्हणायला शिका. एका क्लायंटचे माझ्या कार्डावरून 34 हजार गेले, वर 18 टक्के जीएसटी, आणि ते परत मिळवायला पाच महिने लागले, तोपर्यंत कार्डाचं व्याज मी भरत होते. अ‍ॅड अकाउंट क्लायंटच्या नावावर, कार्डही त्याचं, आपण फक्त अ‍ॅक्सेस घ्यायचा. यात अजून एक गोष्ट आहे जी खूप जणांना माहीत नसते, जाहिरातीचे पैसे आणि आपली फी एकाच बिलात घेतली तर साधारण ते सगळं आपल्या टर्नओव्हरमध्ये धरलं जातं, आणि सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या वर जीएसटी नोंदणी लागते. खरी कमाई सहा लाख आणि कागदावर बावीस, असं होऊन बसतं.

वसुली आणि टॅक्स

नोकरीत एक तारखेला पैसे यायचे, इथे मागावे लागतात आणि आपल्याला मागायची लाज वाटते. निम्मी फी आगाऊ, महिना सुरू व्हायच्या आधी, हे पहिल्याच भेटीत सांगा. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या, ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. नोंदणी असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसताना 15 दिवसांत पैसे द्यायचं बंधन समोरच्यावर येतं, आणि वेळेत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. मार्चमध्ये त्यांच्या सीएला एवढी आठवण करून दिली की अडकलेली बिलं सुटतात, माझी दोन सुटली.

आता कंपनी टॅक्स कापून देत नाही हे लक्षात ठेवा. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स 10 हजार किंवा जास्त निघत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च. मी पहिल्या वर्षी सगळं जुलैवर ढकललं आणि व्याज भरलं. आलेल्या प्रत्येक पैशातला पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकते आता, त्याला हात लावत नाही. अफिलिएट कमिशन असेल तर ते सीएला वेगळं सांगा, छोट्या धंद्याला अंदाजे नफा दाखवायची जी सोपी स्कीम असते ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही.

पंचांग न बघता वर्षाचा हिशोब मांडणं

हे बाहेरच्या कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. 2023 मध्ये 18 जुलैपासून अधिक श्रावण लागला, तो संपला की निज श्रावण, मग गणपती, आणि गणपती उठले की पितृपक्ष. माझे दोन क्लायंट बिल्डर आणि एक फर्निचरवाला होता, तिघांनीही सांगितलं आता कोणी बुकिंग करत नाही, दसऱ्यापर्यंत जाहिरात थांबवू. चार महिन्यांतले जवळपास तीन महिने निम्म्या पैशात काढले. आणि दसरा-दिवाळीला सगळेच जाहिराती लावतात त्यामुळे दरही चढलेले असतात. तेव्हापासून मी क्लायंट मिसळून घेते, दवाखाना आणि ट्यूशन क्लासला अधिक महिन्याचा फरक पडत नाही, बिल्डर आणि सोनाराला पडतो, आणि थांबलेल्या महिन्यात वेबसाइट, फोटो, जुन्या गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू ही कामं कमी फीमध्ये लावून घेते.

शेवटची चूक म्हणजे मुदत न ठरवणं. किती दिवस प्रयत्न करायचा हे आधी ठरलेलं नसेल तर साठवलेले पैसे संपेपर्यंत माणूस अजून एक महिना, अजून एक महिना करत राहतो आणि घरात रोज त्यावरून खटके उडतात. आम्ही नवरा-बायकोने बसून कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, 31 मार्च 2024 पर्यंत सलग दोन महिने खर्च जाऊन 45 हजार उरले नाहीत तर मी नोकरीला अर्ज करणार, त्यावर वाद नाही. डिसेंबरमध्ये 38 उरले होते, जानेवारीत 47, फेब्रुवारीत 52. ते पान अजून स्वयंपाकघरात फ्रीजवर लावलेलं आहे.