अचानक संकट आलं तर पैसा हाताशी राहील का? घरातल्या तयारीबद्दल थोडं

पूर, भूकंप, आग किंवा अचानक गेलेली नोकरी, काहीही झालं की खरी अडचण पैसे किती आहेत यापेक्षा ते आत्ता, या क्षणी हातात येतात का ही असते. आपण साठवतो पण ते कसे काढणार याचा विचारच करत नाही.

सगळ्यात आधी रोकड. लाईट गेली की एटीएम बंद, नेटवर्क गेलं की कार्ड आणि फोनवरचं पेमेंटही बंद, म्हणून चार-पाच दिवस भागेल एवढी कॅश घरात पाहिजेच आणि तीही सुट्ट्या नोटांत, कारण अशा वेळी कोणाकडेच सुट्टे नसतात. उगाच जास्त ठेवू नका, जळालेल्या किंवा वाहून गेलेल्या रोकडीचे विम्यात एकतर काहीच मिळत नाहीत नाहीतर अगदी थोडे मिळतात.

मग इमर्जन्सी फंड. एका कागदावर महिन्याचे फक्त न थांबणारे खर्च लिहा: भाडं किंवा हप्ता, किराणा, औषधं, बिलं, फी, विम्याचे प्रीमियम. त्याच्या तिप्पट तरी बाजूला हवेत आणि घरात कमावणारं एकच माणूस असेल किंवा उत्पन्न कमीजास्त होत असेल तर सहापट. आकडा बघून घाम फुटतो, माहितीये, आधी एका महिन्याचे जमवा, पगार झाला की दुसऱ्या दिवशी ऑटो ट्रान्सफर लावून टाका. हा पैसा शेअर्समध्ये नको, मंदीत नोकऱ्या जातात तेव्हाच बहुतेक वेळा बाजारही पडलेला असतो. क्रेडिट कार्ड हा काही फंड नाही, ती उधारी आहे, तीही महागातली.

आता विमा. इथे जरा वेळ द्या, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. पॉलिसीत काय काय कव्हर आहे हे आपण वाचतो, काय नाही ते वाचतच नाही. काही घरविम्यांत पूर आणि भूकंप धरलेले नसतात, वेगळे घ्यावे लागतात आणि घेतल्यावरही कधीकधी काही दिवस वेटिंग पिरियड असतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून पॉलिसी काढायला धावलात तर उपयोग नाही. दुसरं, विमा घर पुन्हा बांधायच्या खर्चाएवढा हवा, जागेची किंमत त्यात धरायची नाही. पण कमीही नको. बांधायला दहा लाख लागणार आणि विमा पाचचाच असेल, तर दोन लाखांचं नुकसान झाल्यावर काही पॉलिसींत एकच लाख मिळतो, कारण क्लेम त्याच प्रमाणात कापतात. तिसरं, वस्तूंचे पैसे नव्याच्या भावाने मिळणार की घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून, हे आधीच विचारून घ्या. क्लेममध्ये सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून जाते, तेवढी फंडात आहे का तेही बघा.

मोबाईल घेऊन घरभर फिरा, कपाटं, ड्रॉवर उघडून व्हिडिओ काढा, महागड्या वस्तूंचे सिरीयल नंबर आणि बिलं पण. तो व्हिडिओ क्लाउडवर टाका, फोनच बुडाला तर काय करणार!

तसंच कागदपत्रांचं. ओळखपत्रं, घराचे पेपर, पॉलिसी वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, स्कॅन क्लाउडवर. सोबत एक पानभर यादी: खाती कुठे, कर्ज किती, कोणते हप्ते आपोआप कापले जातात, विमा कंपनीचा नंबर काय. पासवर्ड त्यात लिहू नका. बहुतेक घरात हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि ओटीपीपण त्याच्याच फोनवर येतो, तोच दवाखान्यात असला तर बाकीचे हातावर हात धरून बसतात. म्हणून एक जॉइंट खातं ठेवा आणि नॉमिनी तपासा, लग्नाआधी टाकलेलं नाव अजून तसंच असतं बऱ्याचदा.

घटना घडलीच तर साफसफाईच्या आधी फोटो काढा, विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येऊन जाईपर्यंत खराब सामान फेकू नका, तात्पुरत्या दुरुस्तीच्या आणि बाहेर राहिल्याच्या पावत्या जपा. हप्ता चुकणार असेल तर चुकायच्या आधी बँकेशी बोला. आणि क्लेम लवकर करून देतो म्हणत आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्यांना सरळ वाटेला लावा.

अजून एक, घरातली ती कॅश कागदपत्रांच्या पाऊचमध्येच ठेवली तर किरकोळ खर्चाला हमखास उचलली जाते. आमच्याकडे दोनदा झालं, म्हणून आता आत एक चिठ्ठी ठेवलीये, घेणाऱ्याने तारीख आणि रक्कम लिहायची.