कमी पाण्यावर फुलणारी सदाफुली कशी लावावी

सदाफुली ही मूळची मादागास्कर बेटावरची बहुवर्षायू वनस्पती. एकदा मुळे नीट धरली की ती आठवडाभराची ओढ सहज सोसते. दगावते ती बहुधा मुळाशी पाणी साचल्यामुळे. म्हणून लागवडीची तयारी करताना आधी निचऱ्याचा विचार करावा आणि पाण्याचा नंतर.

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. तेथे फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. काही तासांनीही पाणी तसेच दिसत असेल, तर जमिनीपेक्षा पाऊण फूट उंच वाफा करावा आणि मातीत जाड वाळू मिसळावी. खत म्हणून चांगले कुजलेले कंपोस्ट थोडेसेच पुरे. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि फुले कमी येतात. कुंडी वापरणार असाल तर तिच्या तळाला छिद्र हवेच, आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

बियाणे घरच्याच झाडावरून मिळू शकते. फूल गळाल्यावर पानांच्या बेचक्यात बारीक, हिरव्या शेंगांची जोडी धरते. शेंगा पिवळसर पडू लागताच तोडून कागदी पाकिटात ठेवाव्यात, कारण एक दिवस उशीर झाला तरी त्या तडकून काळे, बारीक बी मातीत सांडते. (संकरित वाणाच्या बियांपासून मात्र रंग तसाच येईल याचा भरवसा नसतो.) सदाफुलीचे बी अंधारात चांगले रुजते, त्यामुळे ते मातीवर नुसते न भुरभुरवता त्यावर अर्धा सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. हवा उबदार असेल तर साधारण एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोपांना तीन-चार पानजोड्या आल्या की फूटभर अंतरावर, शक्यतो संध्याकाळी, त्यांची पुनर्लागवड करावी. मुळांभोवतीची माती सुटू देऊ नये.

पहिले काही आठवडे नियमित पाणी द्यावे लागते. दुष्काळ सोसण्याची ताकद पुनर्लागवड केलेल्या कोवळ्या रोपात नसते. त्यानंतर बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि आत कोरडे लागले तरच पाणी द्यावे, तेही भरपूर आणि थेट मुळाशी. भर दुपारी पाने कडांनी आत वळलेली दिसली तर लगेच झारी उचलू नये. संध्याकाळी ती पूर्ववत झाली, तर झाडाने केवळ उन्हापासून बचाव केला एवढेच समजावे. सकाळीही पाने मलूल असतील आणि माती ओली असेल, तर मूळकुज लागल्याची शंका घ्यावी. अशा झाडाला आणखी पाणी दिल्यास त्याचा शेवटच होतो.

वाळलेली फुले खुडत बसण्याची गरज नाही, ती आपोआप गळतात. रोप वीतभर वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. जुने, किडकिडीत झालेले झाड एक तृतीयांश छाटावे. छाटणीचा चीक हाताला लागतो, तेव्हा हात धुवावेत. व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे याच वनस्पतीपासून मिळाली असली, तरी तिचे सर्व भाग विषारी आहेत. पानांचा काढा घरी करून पिणे धोक्याचे आहे, आणि लहान मुले व जनावरे यांनाही झाडापासून दूर ठेवावे.

कडाक्याची थंडी सदाफुलीला सोसत नाही. जेथे दहिवर गोठते, तेथे थंडीपूर्वी कोवळ्या शेंड्यांची चार इंची छाटकलमे वाळूमिश्रित मातीत लावून ती घरात, उजेडाच्या खिडकीपाशी ठेवावीत.